पालबोंगची पिशवी

कचरा टाकायला अक्कल लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी चार दिवस आमच्या सोसायटीत येऊन राहावं. आमच्याकडे कचऱ्यालाही विभाग असतो. पालबोंग विभागाचा कचरा पालबोंगच्या गुलाबी पिशवीत, सोरे विभागाचा सोरेच्या हिरव्या पिशवीत. या पिशव्या दुकानातून विकत आणायच्या. पालबोंगचा फाटका मोजा सोरेच्या पिशवीत सापडला तर गाडीवाले त्या पिशवीला हात लावत नाहीत, तिच्यावर पिवळा कागद चिकटवून निघून जातात. मग ती पिशवी फाटकापाशी बसून राहते आणि येणारे-जाणारे तो कागद सावकाश वाचतात.

एका सोसायटीत दोन विभाग आले कुठून, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर जमिनीखाली आहे. पूर्वी इथून एक ओढा वाहायचा. ओढ्याच्या एका काठाला पालबोंग, दुसऱ्या काठाला सोरे. पुढे ओढ्यावर काँक्रीट घातलं, काठावरची घरं पाडली आणि वर आमच्या पाच इमारती उभ्या केल्या. ओढा गेला, पण हद्द तिथेच राहिली. सरकारी नकाशावर तो अजून खळाळत वाहतो, आणि नेमका आमच्या तिसऱ्या इमारतीच्या पोटातून. मी एकदा पट्टी घेऊन बसलो होतो. माझं स्वयंपाकघर पालबोंगमध्ये निघालं आणि संडास सोरेमध्ये. इमारतीचं दार पालबोंगकडे उघडतं म्हणून आम्ही सगळे पालबोंगकर. चौथी आणि पाचवी इमारत सोरेकर. मागच्या रस्त्यावर बर्फ पडला की पालबोंगची माणसं विजेच्या खांबापर्यंत बर्फ काढायची आणि फावडी खांद्यावर टाकून परत जायची. खांबाच्या पुढे घसरून पडणारा माणूस सोरेचा, त्याचं हाड सोरेचं.

मी मो ग्यू-सिक. विमा कंपनीत उपव्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. निवृत्त माणसाला घरात काय किंमत असते ते मी सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की मी रहिवासी संघाचा अध्यक्ष झालो तेव्हा माझी बायको म्हणाली, "बरं झालं, आता बाहेर बडबडाल." तेव्हापासून सगळे मला अध्यक्षसाहेब म्हणतात. बायको सोडून.

तर त्याचं झालं असं की एके दिवशी पिवळा कागद माझ्याच पिशवीवर लागला. हानबीच्या आईने, म्हणजे माझ्या बायकोने, पाचव्या इमारतीखालच्या दुकानातून हिरव्या पिशव्या आणल्या होत्या. फाटकावरचा रखवालदार सॉक ती पिशवी हातात धरून माझ्या दारात आला आणि शेजारीपाजारी ऐकतील अशा बेताने म्हणाला की अध्यक्षसाहेब, ही तुमचीच, मी आतली औषधांची पाकिटं बघून खात्री केली. मूळव्याधीचं मलम होतं त्यात. सगळ्या मजल्याला कळलं. त्याच क्षणी मी ठरवलं की या सोसायटीला एका विभागात आणल्याशिवाय मी अध्यक्षपद सोडणार नाही. मोठी माणसं मोठ्या अपमानातून घडतात असं म्हणतात. मी मलमातून घडलो.

सातव्या मजल्यावर पांगसाहेब राहतात. त्यांना सल्ला देण्याचं व्यसन आहे. आपण लिफ्टमध्ये शिरलो की ते आधी चेहरा बघतात आणि कुठला सल्ला कमी पडलाय ते ओळखतात. ते म्हणाले, एका विभागात जायचं तर सोरेमध्ये जा. सोरेत नवी मेट्रो येतेय, सोरेचा पत्ता लागला की घरांचे भाव वर जातील, पालबोंगमध्ये आहे काय, एक टेकडी आणि म्हातारी माणसं. हा सल्ला मला पटला. त्यानंतर कित्येक महिने मी दारोदार फिरून संमतीचे शिक्के गोळा केले. काही घरांत चहा मिळाला, काही घरांत कुत्रं अंगावर आलं, एका घरात मला पाण्याचं फिल्टर विकण्यात आलं.

आमच्याकडे सहीऐवजी नावाचा शिक्का चालतो, आणि तो घरच्या प्रमुखाचा लागतो. आमच्या घराचे प्रमुख बाबा. त्यांचं वय नव्वदीच्या जवळ, हृदय थकलेलं, बराचसा दिवस खोलीतल्या गादीवर पडून. मी त्यांचा शिक्का ड्रॉवरमधून काढला तेव्हा त्यांनी विचारलं, "कशासाठी रे?"

"कचऱ्यासाठी, बाबा."

"मग मार," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

काम झालं. महानगरपालिकेच्या सभेत ठराव पास झाला. हद्द ओढ्यावरून उचलून सोसायटीसमोरच्या मोठ्या रस्त्यावर आणून ठेवली. रस्त्याच्या अलीकडे सोरे, पलीकडे पालबोंग. फाटकावर मोठा फलक लागला, त्यावर सोरे विभागात हार्दिक स्वागत असं लिहिलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत माझं नाव. बारीक असलं तरी चष्म्याशिवाय वाचता येत होतं. पांगसाहेबांनी सगळ्यांदेखत माझ्याशी हात मिळवला. हिरव्या पिशव्यांचे गठ्ठे आले. आयुष्यात एकदा तरी माणसाचं नाव फलकावर लागावं, आणि ते त्याच्या मरणाआधी लागावं, एवढीच माझी इच्छा होती.

त्या दिवशी बायकोने मासा भाजला होता. बाबांना धरून आणून जेवायला बसवलं. त्यांनी फलकाबद्दल सगळं नीट ऐकून घेतलं, भाताचे दोन घास खाल्ले आणि विचारलं, "म्हणजे आता मी कुठला?"

"सोरेचे, बाबा."

"आणि तुझी आई?"

मी चॉपस्टिकमध्ये माशाचा तुकडा धरून तसाच राहिलो.

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या अस्थी पालबोंगच्या टेकडीवर विभागाच्या अस्थिगृहात आहेत. तिथे नवरा-बायकोसाठी जोडकप्पे असतात, पुढे काच, आत दोन कलशांची जागा. उजव्या बाजूला आई आहे. डावी बाजू रिकामी आहे. तो कप्पा बाबांनी स्वतः निवडला होता, खिडकीजवळचा, कारण आईला कोंदट जागेत डोकं दुखायचं. अंगात ताकद होती तोवर ते दर महिन्याला जाऊन रुमालाने ती काच पुसायचे. डाव्या बाजूची जरा जास्तच पुसायचे. स्वतःच्या घराची साफसफाई माणूस हौसेने करतोच.

दुसऱ्याच दिवशी मी अस्थिगृहाच्या ऑफिसात गेलो. तिथली बाई फार सभ्य होती. अशा ठिकाणी सभ्यपणा दिसला की समजावं, काम होणार नाही. तिने सांगितलं की कप्पा आमचाच आहे, पण तो पालबोंगच्या रहिवाशासाठी आहे. मृत्यूच्या दिवशी ज्याचं नाव पालबोंगमध्ये नोंदलेलं असेल त्यालाच आत जागा.

"पण माझे वडील कुठे गेलेच नाहीत," मी म्हटलं. "ते अंथरुणावरून उठलेसुद्धा नाहीत."

"ते नाही गेले साहेब, हद्द गेली," ती म्हणाली, आणि पुढे म्हणाली की ही मागणी आमच्याच रहिवासी संघाने केली होती असं तिने पेपरात वाचलं. त्या अध्यक्षांचं नावही तिला आठवत होतं. मी माझं कार्ड तिच्या टेबलावरून हळूच परत खिशात घातलं.

दुसरा एक रस्ता होता. आईचा कलश काढून दोघांसाठी बाहेर कुठेतरी नवी जागा घ्यायची. सोरेला स्वतःचं अस्थिगृह नाही. सोरेच्या लोकांनीच ते होऊ दिलं नाही, त्याने घरांचे भाव पडतात म्हणून. मी बाबांना शहराबाहेरच्या एका खासगी जागेबद्दल सांगितलं, तिथे झाडी आहे, वारा आहे. त्यांनी सगळं ऐकलं.

"हा काय अधिक महिना आहे?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे मेलेल्या माणसाला हलवायचं तर अधिक महिना लागतो, एरवी हलवलं तर घराला बाधतं. अधिक महिना यायला अजून पुष्कळ अवकाश होता, आणि डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की उन्हाळ्याचा भरवसा धरू नका.

"नाही, बाबा."

"मग झालं तर. आणि असता तरी नको. जन्मभर माझ्यामागे बिऱ्हाडं हलवली तिने. आता कुठे टेकलीये. तिला उठवू नका."

हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला त्यांनी ओरडायला हवं होतं असं वाटलं.

मी पांगसाहेबांकडे गेलो. जाऊ नये ते कळत होतं, तरी गेलो. ते म्हणाले, यात काय कठीण आहे, लोक पोरांना चांगली शाळा मिळावी म्हणून खोटे पत्ते लावतात, तुम्ही वडिलांना चांगला कप्पा मिळावा म्हणून लावा. समोरच्या रस्त्यापलीकडे लाँड्रीवाल्याच्या वर एक खोली रिकामी आहे. घ्या भाड्याने, नाव नोंदवा तिथे, म्हातारबाबा झोपू देत स्वतःच्या गादीवर. कायद्याला पत्ता हवा असतो, माणूस नको असतो. मागच्याच वर्षी खोट्या पत्त्यांविरुद्ध मी लिफ्टमध्ये जी सूचना लावली होती ती अजून तिथेच होती. मला खाली सोडायला येताना पांगसाहेब लिफ्टमध्येच हे बोलत होते, तेव्हा ती माझ्या डोक्यामागे होती आणि ते मधूनमधून तिच्याकडे बघत होते.

मी खोली घेतली. पलीकडच्या दोंगच्या, म्हणजे वॉर्डाच्या, ऑफिसात जाऊन नाव नोंदवलं. खिडकीवरच्या मुलीने वय बघितलं, पत्ता बघितला आणि म्हणाली की आजोबा या वयात वेगळं बिऱ्हाड करतायत, घरी काही वाद झाला का. मी म्हटलं, तसं काही नाही, त्यांना स्वातंत्र्य हवंय. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांना घराबाहेर काढलंय. मग म्हणाली, चार-पाच दिवसांत तोंगजांग येऊन बघून जातील, माणूस खरंच राहतो की नाही ते.

आता शहराचे विभाग, विभागाचे दोंग, दोंगचे तोंग, असं सरकार खाली खाली उतरत येतं, आणि शेवटच्या पायरीवर तोंगजांग उभा असतो. त्याच्या खाली फक्त आपण. त्या तोंगच्या तोंगजांग प्यो नावाच्या बाई होत्या. अंगात कापूस भरलेलं जाकीट, पायात डोंगर चढायचे बूट आणि गळ्यात दोरीला बांधलेलं पेन. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. त्यांनी दारावर चिठ्ठी लावली. लाँड्रीवाल्याने मला फोन केला. मी धावत जाऊन खोली सजवली. एक गादी, एक राइस कुकर, एक टूथब्रश, भिंतीवर कॅलेंडर. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा संसार याहून जास्त काय असतो.

दुसऱ्यांदा त्या आल्या तेव्हा लाँड्रीवाल्याने आधी इशारा दिला. मी बाबांना चाकाच्या खुर्चीत घातलं, लिफ्टने खाली आणलं आणि रस्त्यापर्यंत पळवलं. तिथे सिग्नल लाल. पलीकडे प्यो बाई खोलीच्या जिन्याशी उभ्या, अलीकडे आम्ही बापलेक, मधे बसगाड्या. त्यांनी आम्हाला बघितलं. आम्ही त्यांना बघितलं. सिग्नल हिरवा होईपर्यंत तिघेही एकमेकांना बघत उभे होतो, आणि त्या वेळात माझ्या चेहऱ्याचं मी काय केलं ते मला सांगता येणार नाही.

वर गेल्यावर त्यांनी खोली पाहिली. राइस कुकरवर किमतीचं लेबल होतं. टूथब्रश अजून वेष्टनात होता. दोन्ही त्यांनी जवळून पाहिले. जिन्याखाली जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "कचरा कुठाय?"

"कसला?"

"माणूस राहतो तिथे कचरा होतो. आठवडा झाला, या खोलीची एक पिशवी खाली आली नाही. तुमचे बाबा काय हवा खाऊन राहतात?" एवढं बोलून त्या निघून गेल्या, पुन्हा येईन म्हणाल्या.

इथून पुढचा भाग सांगताना मला आजही कसंतरी होतं. कचरा हवा तर कचरा देऊ, असं मी ठरवलं. गुलाबी पिशव्या आणल्या. माझ्या सोरेच्या घरातला कचरा मी रोज सकाळी गुलाबी पिशवीत भरून, कोटाखाली लपवून, रस्ता ओलांडून पलीकडे नेऊन ठेवू लागलो. ज्या माणसाने कचऱ्यासाठी शहराचा नकाशा बदलला तो माणूस आता कचरा चोरून हद्दीपार नेत होता. बायको म्हणाली, "अहो, निदान घासलेले डबे तरी न्या. लोकांना वाटायला हवं की बाबा नीटनेटके आहेत." एकदा मला सॉकने फाटकात अडवलं आणि कोट का फुगलाय ते विचारलं. मी म्हटलं, पोटाचा विकार. त्याला मलम आठवलं असावं, त्याने लगेच जाऊ दिलं.

पण पालबोंगच्या सफाई खात्याला संशय आला. त्यांनी एक पिशवी फोडली. तिच्यात पार्सलच्या खोक्यावरचं लेबल निघालं, त्यावर माझं नाव, हुद्दा आणि सोरेचा पत्ता. दुसऱ्या विभागाचा कचरा आणून टाकल्याबद्दल मला नोटीस आली, सोबत कॅमेऱ्यातला फोटो. फोटोत मी कोटाखालून पिशवी काढताना आजूबाजूला बघतोय. मी फोटोत नेहमीच वाईट येतो, पण इतका कधी आलो नव्हतो. नोटीस सोसायटीच्या पत्त्यावर आली, सॉकने ती उघड्या पाकिटात आणून दिली, आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये सगळे जण मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभे राहिले. पांगसाहेबसुद्धा.

बाबांनी नोटीस वाचून दाखवायला सांगितली. मी वाचली. ते ऐकून त्यांनी पांघरूण बाजूला सारलं. मग हात टेकून गादीवर उठून बसले.

"माझी उशी घे," ते म्हणाले.

"कुठे जायचंय?"

"खोलीवर. राहायला."

मी खूप समजावलं. तिथे संडास जिन्यात आहे, थंडी आहे, डॉक्टर लांब. बायको रडली. आमच्या लेकीने, हानबीने, दुसऱ्या शहरातून फोन करून आजोबांना रागावून पाहिलं. त्यांचं एकच म्हणणं, माझ्यापायी मुलगा खोटं बोलत हिंडतोय, हे बरं नाही, आणि खोट्या पत्त्यावरून मी तिच्याकडे गेलो तर तिला कळेल. तिला नेहमी कळायचं. त्यांनी घरातून फक्त एक वस्तू नेली, बकव्हीट धान्याची टरफलं भरलेली त्यांची जुनी उशी. ती आईने शिवली होती.

तिसऱ्यांदा प्यो बाई आल्या तेव्हा बाबा गादीवर बसले होते आणि मी नवा टूथब्रश वेष्टनातून काढत होतो.

"आजोबा, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथे राहता?"

"कालपासून."

"आणि त्याच्या आधी?"

"समोर. ती तिसरी इमारत बघा, बाल्कनीत मुळ्याचा पाला वाळत घातलाय ना, तिथे."

मी डोळे मिटून घेतले.

"मग इथे कशाला आलात?"

"मरायला," बाबा म्हणाले. "माझी बायको टेकडीवर आहे. सोरेत मेलो तर तिच्याशेजारी जागा देत नाहीत. म्हणून म्हटलं, इकडे येऊन मरावं."

प्यो बाईंनी गळ्यातलं पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. खाली लाँड्रीच्या इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज येत होता.

"कायद्यात एवढंच आहे," त्या म्हणाल्या, "की इथे तीस दिवसांच्या वर राहायचा हेतू पाहिजे. तुमचा तसा हेतू आहे का?"

"हेतू कायमचा आहे, बाई. तीस दिवस जमतील का, तेवढं मात्र सांगता येत नाही."

त्यांनी लिहून घेतलं. मग माझ्याकडे मान वळवून विचारलं की हे कोण.

"तो मुलगा. तो सोरेचा. तो जाईल घरी," बाबा म्हणाले.

"मी इथेच राहणार आहे," मी म्हटलं. या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते तोंडातून निघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. जाताना प्यो बाईंनी पिशवीतून गुलाबी पिशव्यांचा एक गठ्ठा काढून दाराशी ठेवला. नव्या रहिवाशाला दोंगकडून भेट असते ती.

हिवाळाभर आम्ही बापलेक त्या खोलीत राहिलो. जमीन लाँड्रीच्या बॉयलरमुळे फुकटात गरम असायची, कपड्यांना मात्र दुसऱ्यांच्या सुटांचा वास यायचा. सूप झालं की बायको समोरच्या बाल्कनीत लाल टॉवेल टांगायची, मग मी रस्ता ओलांडून डबा घेऊन यायचो. सोसायटीत नवा अध्यक्ष निवडला गेला. पांगसाहेबच. बाबा खिडकीशी बसून समोर स्वतःच्याच घराकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, लग्नानंतरची आमची पहिली खोली अशीच होती, याच काठाला, खाली ओढा होता आणि तुझी आई कपडे धुवायला तिथे बसायची. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही कचऱ्याशिवाय फारसं काही बोललो नव्हतो.

"त्या कागदावर माझा शिक्का होता ना?" त्यांनी एकदा विचारलं.

"होता, बाबा."

"मीच म्हटलं होतं मार म्हणून," ते म्हणाले. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. त्यांनी काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

वसंताच्या तोंडावर त्यांचा श्वास बिघडला. जवळचं मोठं हॉस्पिटल सोरेत आहे. मी अँब्युलन्स बोलावली. ती आल्यावर बाबांनी दाराची चौकट धरून ठेवली. मी गयावया करून सांगितलं की मरण कुठेही येवो, नाव पालबोंगमध्ये आहे, नाव बघतात, जागा बघत नाहीत, मी ऑफिसात दोनदा विचारून आलोय. ते खरं होतं. पण त्यांचा आता माझ्यावर किंवा ऑफिसावर भरवसा राहिला नव्हता.

"मी झोपलेलो असताना मला एकदा पलीकडे नेलंत," ते म्हणाले. "आता रस्ता ओलांडायचा नाही."

अँब्युलन्सवाल्यांनी त्यांची बोटं सोडवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. नव्वदीच्या माणसाच्या बोटांत इतका जोर कुठून येतो कुणास ठाऊक. दोन दिवसांनी दुपारच्या जेवणाआधी ते गेले. मी लाल टॉवेल बघून डबा आणायला उठलो होतो, आणि उठल्यावर मला कळलं. हॉस्पिटलात नेलं असतं तर उन्हाळा बघितला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

अस्थिगृहात काहीच अडचण आली नाही. त्या सभ्य बाईने नाव बघितलं, पत्ता बघितला आणि काच उघडून दिली. प्यो बाई काळे कपडे घालून आल्या होत्या. बूट मात्र तेच डोंगराचे. डावा कलश उजव्या कलशाशेजारी ठेवला. मी रुमालाने काच पुसली. एवढं एक काम मी आयुष्यात नीट केलं असं तेव्हा मला वाटलं.

खोली सोडायची होती. बाबांचे कपडे जुन्या कपड्यांच्या पेटीत गेले, राइस कुकर लाँड्रीवाल्याने घेतला. उशी उरली. उशी कुणी घेत नाही, ती कचऱ्यातच जाते. मी ती प्यो बाईंनी दिलेल्या गुलाबी पिशवीत घालून गाठ मारली, खाली उतरलो, कुलूप लावलं आणि डोकं ठिकाणावर नसल्यामुळे पिशवी हातात घेऊन तसाच रस्ता ओलांडून घरी आलो. घराजवळ पोचल्यावर लक्षात आलं. मग परत जायचं त्राण नव्हतं म्हणून ती फाटकापाशी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी सॉक दारात हजर. पिशवीवर पिवळा कागद. "अध्यक्षसाहेब," तो सवयीने म्हणाला, "ही इथली नाही. परत आलीये." मी ती घेतली आणि बाल्कनीत मुळ्याच्या पाल्याखाली ठेवली.

उन्हाळा आला आणि गेला. पाऊस थांबल्यावर एक दिवस फाटकावर नवा फलक लागला. शहरात पोरं जन्मत नाहीत, माणसं कमी होतायत, म्हणून महानगरपालिकेने पालबोंग आणि सोरे मिळून एकच विभाग करायचं ठरवलं होतं. खाली बारीक अक्षरांत पांगसाहेबांचं नाव होतं, कारण नव्या विभागाला नाव सुचवायच्या समितीवर ते होते. मला लिफ्टमध्ये गाठून ते म्हणाले की तुमचा अनुभव दांडगा आहे, समितीवर या. मी विचारलं, हद्दीचं काय झालं. ते म्हणाले, हद्द कसली, पुसून टाकली. समोरचा रस्ता आता नुसता रस्ता आहे.

दुसऱ्या दिवशी सॉकने बेल वाजवली. त्याच्या हातात काही नव्हतं.

"तुमची ती गुलाबी पिशवी आहे ना अजून?" त्याने विचारलं. "आता चालेल, साहेब. जुन्या पिशव्या संपेपर्यंत दोन्ही रंग चालतात. द्या, मी ठेवतो खाली."

मी बाल्कनीत गेलो. पिवळा कागद उन्हाने पांढरा पडला होता. मी पिशवीची गाठ सोडली, उशी बाहेर काढली आणि रिकामी पिशवी सॉकच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, यात टाकायला काहीच नाही का. मी नाही म्हटलं. तो गेल्यावर मी बाबांच्या खोलीत त्यांची गादी घातली आणि उशी तिच्या जागी ठेवली. टरफलांमध्ये मधोमध अजून खळगा होता. बायको दारात येऊन उभी राहिली. बाबांचं घरी परत आलेलं तेवढंच.